सांगलीच्या काचेतली शिवण

मी रानात वाढले. आमची मेंढरं होती, माण तालुक्यात. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून आम्ही कृष्णाकाठाला उतरायचो, ते पाऊस पडेपर्यंत उघड्यावर. गावोगावचे लोक सांगायचे, त्या ओढ्याला जाऊ नका, तिथं बाई दिसते. आम्ही त्याच ओढ्याला मेंढरं बसवायचो, कारण चारा तिथंच असायचा. लांडगा दिसला, साप दिसला... बाई कधी दिसली नाही. त्यामुळं असल्या गोष्टींवर विश्वास बसायचं मला काही कारणच नव्हतं. आजही फारसा नाही.

आमचे मालक कामावरून जुनी मासिकं आणायचे. त्यात शेवटच्या पानांवर लोकांना आलेले असे अनुभव छापलेले असतात. मी चौथी शिकलेली, पण वाचायची सवय सुटली नाही. ते वाचून मनात म्हणायची, हे लोक नीट बघत नसतील. आता माझाच अनुभव लिहायला बसले आहे. कुठं पाठवणार नाही. पण ते लिहितात तसंच जागा, माणसं, सगळं सांगून लिहिते, म्हणजे माझं मलाच तपासता येईल.

साल पंच्याण्णव असेल नाहीतर शहाण्णव. आम्ही साताऱ्यात दोन खोल्यांत राहायचो – मी, मालक आणि सातवीतली मुलगी. मालक म्युझियममध्ये शिपाई होते. तलवारी-चिलखतांचं म्युझियम नव्हे, नव्या चित्रांचं. पोवई नाक्यापासून चालत दहा मिनिटांवर एका ट्रस्टनं बंगला घेऊन काढलेलं. त्याच्या दोन शाखा होत्या. एक वाईला घाटाजवळ, जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत. दुसरी सांगलीला स्टेशनच्या रस्त्यावर, एका कापडदुकानाच्या माडीवर. मालक दर महिन्याला टपाल आणि चित्रांच्या पेट्या घेऊन एस.टी.नं दोन्हीकडं जायचे. पाच वर्षं ते रोजंदारीवर होते. त्या वर्षी त्यांचा परमनंटचा कागद निघणार होता. घरात रोज त्याचाच विषय. मुलगी पुढं शिकणार का, आम्ही साताऱ्यात राहणार का परत मेंढरांमागं जाणार, सगळं त्या एका कागदावर होतं.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी, म्युझियमच्या सुट्टीच्या वारी, साहेबांनी कामगारांच्या घरच्यांना बघायला बोलावलं. मी कुठं जात नसे. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण मालक म्हणाले, न्हाई आलीस तर साहेबांना वाईट वाटंल. म्हणून माझी एकुलती एक चांगली साडी नेसले – हिरवी इरकल, तांबड्या पदराची – आणि गेले.

पहिल्या खोलीत भिंतभर एक चित्र होतं. सगळं काळं, मधे थोडं तपकिरी.

"ह्ये काय हाय?" मी हळूच विचारलं.

"चित्र."

"कशाचं?"

"कशाचं न्हाई. नुसतंच हाय. साहेब म्हणत्यात, बघून मनाला काय वाटतंय ते बघायचं."

"मला भाकरी करपल्यागत वाटतंय."

"हळू बोल की," मालक म्हणाले, पण हसले. "मलाबी पयल्या दिवशी तसंच वाटलं हुतं."

पुढच्या खोलीत पत्र्याच्या ट्रंकांची नुसती झाकणं टांगलेली. एके ठिकाणी बैलगाडीचं चाक उलटं लोंबत होतं. सगळीकडं 'हात लावू नये' अशा पाट्या. शेवटच्या खोलीत मात्र पाटी नव्हती. तिथं भिंतीवर एक वाकळ होती.

पूर्ण वाकळ नव्हे, तिचा तुकडा. खाली एका शब्दाचं नाव लिहिलेलं – वाटणी. मालकांनी सांगितलं, "मुंबईच्या मॅडमनी केलंय. एकच वाकळ घ्यायची, तीन तुकडं करायचं. एक हितं, एक वाईला, एक सांगलीला. भाऊ येगळं झालं की घराचं हुतं, तसं." एवढं सांगून ते चहाचं बघायला गेले. बाकीची माणसं पहिल्याच खोलीत होती.

मी त्या वाकळेसमोर उभी राहिले. आमच्यात वाकळ कापत नाहीत. फाटली की तिच्यावर-खाली जुनी लुगडी घालून परत दोरा घालायचा. म्हणून प्रत्येक वाकळेच्या पोटात तिच्या आधीची वाकळ असते, आणि तिच्या पोटात तिच्याही आधीची. कुणाची आजी, कुणाची पणजी, अशी सगळी आत दबून असतात. ही कात्रीनं कापलेली होती. कापलेल्या कडेतून आतलं सगळं दिसत होतं – एक पिवळं पातळ, त्याच्या आत निळं, आणि अगदी आत विटकं, रंग न कळणारं काहीतरी. धागे सुटून खाली लोंबत होते. बघवेना.

माझ्या मंगळसूत्राच्या पिनेला एक सुई कायम असायची. दोरा नव्हता. पदराच्या टोकाचे तीन आडवे धागे ओढून काढले आणि खाली बसून कड आत दुमडत शिवायला लागले. मी डावरी आहे. शाळेत गुरुजींनी मारून मारून लिहायला उजवा हात लावला, पण सुई डाव्याच हातात राहिली. त्यामुळं माझा टाका दुसऱ्या बायकांच्या उलट बाजूला कलतो. आणि मी दोऱ्याला गाठ मारत नाही. आईची शिकवण – गाठ निजलेल्या पोराच्या पाठीला टोचते. शेवटी तीन टाके मागं घालायचे की दोरा सुटत नाही. हे सगळं मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं याचीच भानगड झाली.

कड शिवून झाली तेवढ्यात मालक आले. हातात चहाचा ट्रे तसाच.

"आगं ये... ह्ये काय केलंस?"

"उसवत चाललं हुतं."

"ते उसवायलाच ठिवलंय."

"उसवायला कोण ठिवतंय?"

त्यांनी खाली बसून बघितलं. उसवावं म्हणाले, पण बाहेर पावलं वाजली. "ऱ्हाऊ दे. एवढ्या दोऱ्यांत कुणाला दिसतंय," असं म्हणून ते उठले. घरी आल्यावर मी साडी घडी करून ट्रंकेत ठेवली. पुढं महिनाभर ती बाहेर काढायचा प्रसंग आला नाही.

महिन्यानं मॅडम साताऱ्याला आल्या आणि त्यांना ते एका नजरेत दिसलं. साहेबांनी मालकांना विचारलं. मालक म्हणाले, मला ठावं न्हाई. मग साहेबांनी वाईला आणि सांगलीला फोन लावला. दोन्हीकडून तेच उत्तर आलं – आमच्याही तुकड्याची कड शिवलेली आहे, तांबड्या दोऱ्यानं. कधी शिवली, आमच्या लक्षात आलं नाही.

तिन्ही ठिकाणी जाणारा माणूस एकच होता.

त्या संध्याकाळी मालक घरी आले ते जेवले नाहीत. "कागद थांबिवला," म्हणाले. "उद्यापास्नं येऊ नगं म्हणाल्यात."

"मी हितलंच शिवलं. दुसरं न्हाई."

"ते मला ठावं हाय. तू कवा गेलीस सांगलीला? आन मी बी न्हाई शिवलं. मला सुईत दोरा घालता येत न्हाई." अंथरूण घालता घालता म्हणाले, "मग कुणी शिवलं गं?"

सकाळी मी तीच इरकल नेसले आणि त्यांच्याबरोबर गेले. साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरले. शेवटी खाली बघत एवढंच म्हणाले, "साताऱ्याचं मी शिवलंय."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, नवऱ्याला वाचवायला बोलताय, कळतं मला. आणि वाईचं? सांगलीचं?"

"ते मी बघितलंबी न्हाई."

मॅडम बाजूच्या खुर्चीत बसल्या होत्या. माझ्याहून थोड्या मोठ्या, केस कापलेल्या. म्हणाल्या, "आज मी दोन्हीकडे जाणारच आहे. यांना बरोबर घेऊ. यांनी बघू दे आणि मला सांगू दे, कोणाचा हात आहे." मालकांना साहेबांनी घरी पाठवलं.

अशी मी आयुष्यात पहिल्यांदा जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले, मागं साहेब आणि मॅडम. आधी वाईला. तिथल्या शाखेत एक निवृत्त गुरुजी बसायचे. तुकडा एका रिकाम्या बाजेवर अंथरलेला होता. मधला तुकडा, म्हणून दोन्ही बाजूंनी कापलेला. दोन्ही कडा शिवलेल्या.

गुरुजी म्हणाले, "अहो, दार दिवसभर उघडं. घाटावरनं येणाऱ्या बायका टेकतात इथं. कुणी शिवलं असेल हो. बाजेवर वाकळ आहे म्हटल्यावर एकजण तर त्याच्यावर झोपला होता परवा."

मॅडम हसल्या. साहेब हसले नाहीत. मी वाकून बघितलं आणि तशीच राहिले. टाका उलटा कललेला. मी कडेच्या टोकाला गेले. गाठ नव्हती. तीन टाके मागं होते.

"ओळखता?" मॅडमनी विचारलं.

मी मान हलवली, पण ती हो होती का नाही, मलाच माहीत नाही. मनात म्हटलं, दुसरीही एखादी बाई असेल डावरी. तिच्याही आईनं सांगितलं असेल गाठीचं. वाईला पोरी आमच्याकडून दिलेल्या असतातच की. उंब्रजला जेवायला थांबलो तोवर मी स्वतःची अशी समजूत घातली होती.

सांगलीला पोचलो तेव्हा दोन-अडीच वाजले असतील, ऊन होतं. माडीवर शाखा सांभाळायला एक बाई होत्या, सगळे त्यांना अक्का म्हणायचे. पन्नाशीच्या, कपाळ मोकळं. दोन लेकींना घेऊन तिथंच मागच्या खोलीत राहायच्या. तुकडा काचेच्या कपाटात होता. सांगलीला उंदरांचा त्रास, म्हणून तो पहिल्या दिवसापासून काचेत, कुलूप लावलेला. किल्ल्या दोन. एक साताऱ्यात साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, दुसरी अक्कांच्या कमरेला.

काचेत तो तुकडा खिळ्यांनी लाकडाला ठोकलेला होता आणि त्याची कड शिवलेली होती. तांबड्या दोऱ्यानं. माझ्याच टाक्यानं.

आता लिहिताना मला भीती वाटत नाही, तेव्हाही वाटली नव्हती. नवल वाटलं, तेही नंतर. आधी मला त्या कामाचं बरं वाटलं. कड सरळ होती, कुठं चुणी नव्हती. एवढं बरं वाटलं आणि मग घाम फुटला. तोंड पुसायला पदर हातात घेतला. पदराच्या टोकाला झालर होती. मी तीन धागे ओढले होते, त्यानं झालर दिसतही नाही. ही चार बोटं लांब होती. सकाळी घाईत नेसताना माझं लक्ष गेलं नव्हतं. मी पदर मुठीत गोळा करून धरला.

साहेबांनी किल्ली लावून काच उघडली. कुलूप जड फिरत होतं. "शिपायाकडे ही किल्ली कधीच नव्हती," ते सावकाश म्हणाले. "म्हणजे तो नाही." आणि ते अक्कांकडं वळले.

मालक सुटले, हे मला तिथंच कळलं. माझं काम झालं होतं.

"सायब, म्या काच उघडली न्हाई," अक्का म्हणाल्या. "द्येवाशपथ न्हाई. मला हे शिवाय कुठलं येतंय? लेकींची पोलकी मी बाहेरनं शिवून घेतीया."

"किल्ली तुमच्याकडे. दुसरी माझ्याकडे. मी शिवलं का मग?"

"न्हाई जी."

"मग?"

अक्कांनी मागं वळून बघितलं. मागच्या खोलीच्या दारात त्यांच्या दोन्ही मुली येऊन उभ्या होत्या. धाकटी माझ्या मुलीएवढी. साहेब म्हणाले, "महिनाअखेर खोली रिकामी करा. मी वाईट बोलत नाही, पण विश्वासाचं काम आहे हे."

मी कधी मोठ्यानं बोलले नाही. तेव्हाही मोठ्यानं बोलले नसेन. पण सगळे वळून बघायला लागले, तेव्हा कळलं की बोलणारी मीच.

"ह्ये मी शिवलंय. तिन्ही मीच शिवल्यात."

"सकाळी तर नाही म्हणालात," साहेब म्हणाले.

"भ्याले हुते."

"आणि काच?"

 मी खाली बघत राहिले. तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "आल्या हुत्या बाई. एकदा. मी काच पुसाय उघडली हुती न् पाणी आणाय खाली गेलते. नळाला लय येळ लागला." त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. "सांगाय मीबी भ्याले, सायब."

मॅडमनी पर्समधला रुमाल काढला आणि माझ्यापुढं धरला. "शिवून दाखवाल?" अक्कांच्या मोठ्या मुलीनं दोरा आणला. मी डाव्या हातानं वीतभर शिवलं, शेवटी तीन टाके मागं घातले. मॅडमनी रुमाल त्या कडेला लावून बघितला. साहेबांनी बघितला. ड्रायव्हरही आत येऊन बघून गेला. "एकच हाय की," म्हणाला.

मॅडमनी विचारलं, "का शिवलंत?"

"उघडं पडलं हुतं," मी म्हणाले. "आतली माणसं भाईर येत हुती."

त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. मग साहेबांना म्हणाल्या, "उसवू नका. तिन्ही असेच राहू देत. आणि कुणाला काही करू नका."

जायच्या आधी अक्का मला मागं मोरीवर पाणी द्यायला घेऊन गेल्या. तांब्या देताना हळूच म्हणाल्या, "कवा आलता हो तुमी?"

"न्हाई आले कवा."

"मग?"

मी मान हलवली. त्यांनी माझा हात धरला. आम्ही दोघी खोटं बोललो होतो, आणि खरं काय ते दोघींनाही माहीत नव्हतं.

मालकांचा कागद पुढच्या महिन्यात निघाला. ती साडी मी परत नेसले नाही, झालर कातरून तिची परकर-ओढणी मुलीला करून दिली. तिन्ही तुकडे, म्युझियम होतं तोवर, तसेच राहिले म्हणतात. पण लिहायचं ते हे नाही.

सांगलीहून आल्यावर साहेब मला दारात सोडून मालकांशी बोलून गेले, त्या रात्री जेवताना मालकांनी मला विचारलं होतं, "साहेब म्हणाले, तूच शिवलंस तिन्ही. कवा गेलतीस सांगलीला?" मला खरं सांगायचं होतं. पण मालकांच्या पोटात काही राहत नाही. दर महिन्याला ते सांगलीला जाणार, साहेबांसमोर उभे राहणार. एकदा जरी त्यांच्या तोंडून गेलं तर अक्का लेकींना घेऊन रस्त्यावर. म्हणून म्हणाले, "गेलते एकदा. तुमी ड्यूटीवर हुता."

"बरं," ते म्हणाले. पुढच्या खेपेला सांगलीहून आल्यावर म्हणाले, "अक्काबी म्हणाली, तू आलतीस म्हणून." मी भाकरी थापत होते, मान वर केली नाही. त्यानंतर तो विषय निघाला नाही. कधी चेष्टेत म्हणायचे, "हिचा नेम न्हाई, न सांगता सांगलीला जाईल." मीही हसायची. मला वाटलं, मिटलं.

मालक रिटायर झाले. मुलगी नोकरीला लागली, सासरी गेली. एका सकाळी आम्ही दोघं अंगणात शेंगा फोडत बसलो होतो. काही बोलणं चाललं नव्हतं. शेंगांकडं बघतच ते म्हणाले,

"एक सांगशील? राग न्हाई माझा. कुणाबर गेलतीस सांगलीला?"

माझा हात थांबला. एवढी वर्षं हे त्यांच्या पोटात होतं. ज्या माणसाच्या पोटात काही राहत नाही असं मी धरून चालले, त्यानं एवढं ठेवलं, तेही माझ्याशी कधी वाकडं न बोलता.

"एकटीच," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले आणि पुढची शेंग घेतली.

त्या वेळी तरी खरं सांगता आलं असतं. अक्का तेव्हा राहिल्या नव्हत्या, मुली आपापल्या घरी होत्या. पण काय सांगणार? मी गेले नाही, पण शिवण माझी होती? माझ्या पदराचे धागे बंद काचेत गेले? वीस वर्षं संशय पोटात ठेवलेल्या माणसाला हे बाईनं रचलेलंच वाटलं असतं. एकटीच, हे त्यातल्या त्यात विश्वास बसण्याजोगं होतं.

मुलीला मी हे सगळं सांगितलं आहे; ती म्हणते, तू झोपेत चालत गेली असशील. साताऱ्याहून सांगली तीन तासांची एस.टी. आहे. झोपेत तिकीट कोण काढतं? दुसरी डावरी बाई असेल, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. तिच्या हातात माझ्या पदराचा दोरा कसा, एवढ्याशी येऊन थांबते. कारण मिळालं नाही, आणि आता मिळेल असं वाटत नाही.

ही वही मी फळीवर ठेवणार आहे, मालकांच्या चष्म्याशेजारी. लपवणार नाही आणि हातातही देणार नाही. त्यांनी उघडली तर त्यांना एवढं कळावं – मी त्या दिवसाच्या आधी सांगली बघितली नव्हती. कुणाबरोबर नाही, आणि एकटीही नाही.